तक्रारवही आणि गुणवही

वसंतातल्या या व्याख्यानमालेसाठी चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'माणसाच्या गुणांचे मानसशास्त्र' असे सांगितले. चालकांपैकी एक गृहस्थ क्षणभर थांबून म्हणाले, "आम्ही समजत होतो, तुम्ही किमान वेतनावर बोलाल." त्यांचे काही चुकले नाही. ज्याचे शालेय शिक्षण दहावीपाशी संपले, आधी फिटर म्हणून आणि मग युनियनचा पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणून ज्याचे आयुष्य कारखान्यांच्या गेटांवर गेले, त्या माणसाने मानसशास्त्राच्या वाटेला कशाला जावे? मी जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, पाळी सुटल्यानंतर, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. तेव्हा जाणकारांनी माझ्या चुका जरूर काढाव्यात. परंतु हा विषय मला वाचनालयात सापडलेला नाही. तो एका जुन्या वहीत सापडला. म्हणून आधी त्या वहीची हकीकत सांगणे भाग आहे, आणि किमान वेतनाचे म्हणाल तर तेही शेवटी येणारच आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या औद्योगिक वसाहतीतला एक इंजिनिअरिंग कारखाना बंद पडण्याच्या बेतात होता. तीन महिन्यांचा पगार थकलेला, फंडाचे पैसे भरले आहेत की नाहीत याचा पत्ता नाही, आणि गेटावर नोटीस. गेटासमोरच्या कडुनिंबाखाली टेबल टाकून मी एकेका कामगाराची माहिती लिहून घेऊ लागलो. वहीत रकाने आखले होते: नाव, टोकन नंबर, नोकरीची वर्षे, थकबाकी, आजार, कर्ज, घरात खाणारी तोंडे. त्या कामगारांत टूलरूममधले एक बेंचफिटर होते. सारा कारखाना त्यांना मामा म्हणे, मीही मामाच म्हणे. त्यांच्या नावासमोर मी लिहिले: वय ५४, दमा, मुलीचे लग्न व्हावयाचे, पतपेढीचे कर्ज. या वहीच्या आधारे अर्ज तयार झाला, वकिलांनी तो चांगला मांडला, आणि पुष्कळ खटपटीनंतर बहुतेकांचे बहुतेक पैसे मिळाले. आम्ही पेढे वाटले. कारखाना मात्र बंद झाला तो झालाच.

पुढे वर्षभराने एका नव्या इमारतीच्या फाटकाशी मामा दिसले. अंगात वॉचमनचा निळा सदरा. समोर कोणाच्या तरी पोराची सायकल उलटी करून ठेवलेली, आणि मामा पत्र्याचा एक तुकडा कानशीने घासून तिच्या मापाला आणीत होते. चहा घेता घेता त्यांनी सहज सांगितले, की कारखान्यातल्या परदेशी प्रेसची डाय एकदा तडकली होती; बाहेरून माणूस यायला महिना लागणार होता; तेव्हा तडकलेला भाग त्यांनी दोन रात्री जागून हाताने नव्याने घडवून बसविला, आणि पुढे कारखाना बंद होईपर्यंत ती डाय चालली. मी म्हणालो, "मामा, हे तुम्ही तेव्हा बोलला नाहीत." ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही दमा लिहून घेतलात. काम काय येतं ते विचारलंच नाहीत."

हे वाक्य मला बरीच वर्षे टोचत राहिले. जवळजवळ दोनशे माणसांची माहिती माझ्या वहीत होती, आणि त्यांपैकी एकालाही काय येते हे त्या वहीवरून कळण्याची सोय नव्हती. मालकाला ते थोडेफार ठाऊक होते, कारण त्यावर त्याचा धंदा चालला होता. कामगारांचा प्रतिनिधी म्हणविणाऱ्या मला ते ठाऊक नव्हते. मी त्यांची दुखणी जमविली आणि ती सरकारदरबारी नेऊन मांडली. माणूस जितका दुबळा दिसेल तितका अर्ज भक्कम, असा तो हिशेब होता.

पुढे वाचनात आले, की मानसशास्त्राच्या वहीचीही थोडीफार हीच कथा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परतलेल्या सैनिकांच्या मनांवरील आघातांचा प्रश्न मोठा होता. त्यांच्या उपचारांसाठी सरकारी पैसा आला, १९४९ साली मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, आणि पैसा जिकडे गेला तिकडे संशोधक गेले. यात वाईट काही नव्हते; अनेक मनोविकारांवर त्यातून उपाय सापडले. परंतु आजाराचा अभ्यास वाढता वाढता निरोगी माणूस कसा जगतो, संकटात काहीजण उभे कसे राहतात, हे प्रश्न मागे पडले. अब्राहम मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाने १९५४ च्या आपल्या ग्रंथात ही तक्रार केली होती आणि 'पॉझिटिव्ह सायकॉलॉजी' हा शब्दही वापरला होता. मारी याहोदा या विदुषीने १९५८ साली मनाचे आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, या मुद्द्यावर एक सबंध पुस्तक लिहिले. या बाईंकडे आपण पुन्हा येणार आहोत.

या विचाराची चळवळ झाली ती मात्र १९९८ साली. त्या वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मार्टिन सेलिग्मन अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले. ते स्वतःची एक गोष्ट सांगतात. बागेत तण काढताना ते आपल्या पाच वर्षांच्या मुलीवर खेकसले. ती निघून गेली आणि परत येऊन म्हणाली, की पाचव्या वाढदिवसापासून मी किरकिर सोडून दिली आहे. मला जर ते जमले, तर तुम्हांलाही खेकसणे सोडता येईल. सेलिग्मन म्हणतात, मुलीचे दोष काढून टाकणे म्हणजे तिला वाढविणे नव्हे, हे मला त्या दिवशी कळले. पुढे २००४ साली ख्रिस्तोफर पीटरसन यांच्यासह त्यांनी सुमारे आठशे पानांचा ग्रंथ काढला. मनोविकारांची जशी यादी असते, तशी ही माणसाच्या गुणांची यादी. त्यात २४ गुण आहेत: जिज्ञासा, धैर्य, चिकाटी, दयाळूपणा, विनोदबुद्धी, कृतज्ञता वगैरे. (आपल्याकडे लग्न जुळविताना ३६ पाहतात, अमेरिकेत बारा कमी पडले एवढेच.) संघभावना हा गुण त्यांनी 'न्याय' या सदरात घातला आहे, हे वाचून मला बरे वाटले.

याद्या करणे सोपे आहे. मला या शास्त्रात ज्याने खरे ओढून घेतले ते सेलिग्मन यांचे आधीचे काम होय. १९६७ च्या सुमारास त्यांनी स्टीव्हन मायर यांच्यासह कुत्र्यांवर प्रयोग केले. प्रयोग क्रूर होते, यात शंका नाही. कुत्र्यांच्या एका गटाला विजेचे धक्के दिले, पण नाकाने फळी दाबली की धक्का थांबे. दुसऱ्या गटाला तेवढेच धक्के, तितकाच वेळ. पण त्यांनी काहीही केले तरी काही उपयोग नाही. तिसऱ्या गटाला धक्के नाहीत. मग सर्वांना अशा खोक्यात ठेवले, की मधला बुटका अडसर ओलांडून उडी मारली की सुटका. पहिल्या व तिसऱ्या गटातली कुत्री उडी मारून सुटली. दुसऱ्या गटातली बहुतेक कुत्री कुंथत जागीच पडून राहिली. सुटकेची वाट समोर असताना पडून राहिली! या स्थितीला त्यांनी 'शिकलेली असहायता' म्हटले. म्हणजे, आपल्या करण्याने काही होत नाही, हा धडा ती शिकली होती.

पन्नास वर्षांनी, २०१६ साली, याच दोघांनी एक निबंध लिहून आपलाच सिद्धांत उलटा केला. शास्त्रज्ञांचा हा प्रामाणिकपणा राजकारणात क्वचित दिसतो. मधल्या काळात मायर यांनी उंदरांच्या मेंदूवर जे काम केले, त्यावरून त्यांना असे दिसले की असहायता शिकावी लागतच नाही. दीर्घकाळ त्रास सोसावा लागला की प्राणी गप्प पडून राहतो, ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते दुसरेच: आपल्या हातात काही आहे, आपण केले तर फरक पडतो, हे. एकदा हा अनुभव आला की मेंदूचा पुढचा भाग त्या गप्प पडण्याला आवर घालतो, आणि पुढच्या संकटातही तो अनुभव उपयोगी पडतो.

मंडळी, युनियनमधल्या जुन्या माणसांना हे पुस्तक न वाचता ठाऊक होते. नव्या कारखान्यात संघटना बांधताना मुरलेला कार्यकर्ता पहिल्याच दिवशी पगारवाढ मागत नाही. तो पिण्याच्या थंड पाण्याची मागणी करतो. संडासाच्या दाराला कडी मागतो. ती कडी आठ दिवसांत बसते, आणि ज्या माणसाने दहा वर्षे मान वर केली नव्हती तो दुसऱ्या सभेला पुढच्या रांगेत येऊन बसतो. माझे पहिले गुरू म्हणत, की भाषणाने भीती जात नाही, कडीने जाते. मी तरुणपणी याला डावपेच समजत होतो. आता समजते की ते शिक्षण होते.

गुण शोधण्याची ही दृष्टी मानसोपचाराच्या खोलीतून बाहेर पडून इतर क्षेत्रांत गेली असे म्हणतात. खरे पाहता ती काही ठिकाणी आधीपासूनच होती. कॅन्सस विद्यापीठातल्या समाजकार्याच्या शिक्षकांनी १९८० नंतरच्या काळात, मनोरुग्णालयातून घरी आलेल्या माणसांना 'तुम्हांला काय होते' याऐवजी 'तुम्हांला काय करावेसे वाटते, काय येते' असे विचारावयास आरंभ केला. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जॉन मॅकनाइट व जॉन क्रेट्झमन यांनी १९९३ साली वस्तीसुधारणेवर एक पुस्तक लिहिले. त्यांचा मुद्दा माझ्या वर्मावर बसणारा आहे. गरीब वस्तीचा नकाशा काढताना बेकारी, गुन्हे, व्यसने, पडकी घरे एवढेच टिपले जाते, कारण मदत त्यावर मिळते. मग वस्तीच्या पुढाऱ्याला आपली वस्ती जास्तीत जास्त वाईट आहे हे सिद्ध करावे लागते, आणि हळूहळू वस्तीलाही तेच खरे वाटू लागते. त्यांनी दुसरा नकाशा काढावयास सांगितले: कोणाला सुतारकाम येते, कोण आजाऱ्याची शुश्रूषा करते, कोणाच्या शब्दावर पोरे जमतात. कडुनिंबाखालच्या माझ्या वहीत पहिलाच नकाशा होता.

या दृष्टीचे सर्वांत साधे आणि मला सर्वांत आवडणारे उदाहरण व्हिएतनामचे आहे. १९९० च्या डिसेंबरात जेरी स्टर्निन व त्यांच्या पत्नी मोनिक हे बालकल्याणाच्या कामासाठी तेथे गेले. तान्ह होआ प्रांतातल्या खेड्यांत निम्म्याहून अधिक लहान मुले कुपोषित होती. सरकारने बजावले, सहा महिन्यांत काही करून दाखवा, नाहीतर परत जा. सहा महिन्यांत गरिबी हटत नाही, विहिरी होत नाहीत, रस्ते होत नाहीत. त्यांनी गावातल्या स्त्रियांकडून मुलांची वजने करविली आणि मग एक प्रश्न विचारला: अगदी गरीब घर, पण मूल धडधाकट, असे कोणी आहे का? होते. त्या घरी जाऊन पाहिले तेव्हा कळले, की या आया भातखाचरातल्या बारीक कोळंब्या आणि खेकडे वेचून आणीत आणि रताळ्याच्या वेलीच्या पाल्याबरोबर मुलांच्या भातात घालीत. हे सर्वांच्या शेतात फुकट होते. पण लहान मुलांना ते बाधते असा समज असल्याने बाकीच्या घालीत नसत. शिवाय या आया मुलांना दिवसातून दोनदाच न भरविता थोडे थोडे अनेकदा भरवीत, आणि भरविण्यापूर्वी हात धुवीत.

येथपर्यंत आपल्यापैकी कोणीही गेला असता, आणि पुढे कदाचित या शोधाचे व्याख्यान दिले असते. स्टर्निन दांपत्याने व्याख्यान दिले नाही. कुपोषित मुलांच्या आयांना रोज एका घरी एकत्र स्वयंपाक करावयास बोलाविले. येताना मूठभर कोळंब्या, खेकडे व पाला स्वतः वेचून आणावयाचा, हेच प्रवेशशुल्क. दोन आठवड्यांत हाताला सवय लागे आणि मूल चढत असलेले तराजूवर दिसे. ज्ञान गावातलेच, शोधणाऱ्या गावातल्याच बाया. बाहेरच्या माणसाने फक्त प्रश्न बदलला. सहा महिन्यांनी त्यांना राहू दिले गेले.

आता माझ्या स्वतःच्या क्षेत्राकडे येतो. येथे थोडे रेंगाळण्याची परवानगी हवी, कारण कामगार चळवळीतही फार थोड्यांना ही हकीकत ठाऊक आहे, आणि मला ती मामांच्या भेटीनंतर समजली.

इंग्लंडात लुकास एअरोस्पेस नावाची कंपनी विमानांचे सुटे भाग बनवीत असे. तिचे जवळजवळ निम्मे काम लष्करी होते. १९७० नंतर तेथे कपातीवर कपात होऊ लागली. कंपनीचे सतरा कारखाने निरनिराळ्या गावी, आणि त्यांत तेरा निरनिराळ्या युनियन. तरीही शॉपफ्लोअरवरच्या प्रतिनिधींनी सर्वांची मिळून एक संयुक्त समिती बनविली. (तेरा युनियन एका टेबलाशी बसल्या हा मला तरी विमानाहून मोठा चमत्कार वाटतो.) १९७४ च्या नोव्हेंबरात ही मंडळी उद्योगमंत्री टोनी बेन यांना भेटली. मंत्री म्हणाले, कंपनी सरकारजमा करणे माझ्या हाती नाही; पण कामगार मिळून पर्यायी योजना का करीत नाही?

समितीने प्रथम आपण सर्व करतो तेच केले. विद्वानांकडे धाव घेतली. विद्यापीठे, संस्था, तज्ज्ञ अशा १८० ठिकाणी पत्रे पाठविली, की आमच्याजवळ अशी यंत्रे आणि असे कसब आहे, समाजाला उपयोगी पडेल असे आम्ही काय बनवावे? उपयोगी उत्तरे आली ती बोटांवर मोजण्याइतकी. मग त्यांना सुचले ते पहिल्यांदाच सुचावयास हवे होते. त्यांनी प्रश्नावली छापली आणि ती आपल्याच सभासदांना वाटली. तुमच्या खात्यात कोणती यंत्रे आहेत, तुम्हांला काय येते, काय बनवावे असे तुम्हांला वाटते? नोकरीवर गदा आली तर काय, असे नव्हे. काय बनवावे, असे.

उत्तरांचा लोंढा आला. सुमारे दीडशे वस्तूंच्या कल्पना जमल्या. १९७६ च्या जानेवारीत त्यांची योजना प्रसिद्ध झाली: सहा खंड, प्रत्येक सुमारे दोनशे पानांचा. त्यात मूत्रपिंड निकामी झालेल्यांसाठी डायलिसिसची यंत्रे होती. घरे उबदार ठेवण्यासाठी, थोड्या इंधनात चालणारे उष्णता-पंप होते. रस्त्यावरही आणि रुळांवरही धावेल अशी गाडी होती, आणि तिचा नमुना पुढे खरोखर चालवून पाहिला गेला. पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारे संमिश्र इंजिन होते, पवनचक्क्या होत्या. आज या वस्तू ज्या त्या देशात विकत मिळतात. ते वर्ष १९७६ होते हे ध्यानात घ्या. मला सर्वांत भावते ती एक लहानशी गाडी. पाठीच्या कण्याच्या जन्मजात व्यंगामुळे ज्यांना चालता येत नाही, अशा मुलांसाठी एका कामगाराने ती तयार केली होती. ज्या हातांनी लढाऊ विमानाचा भाग हजारांश इंचापर्यंत नेमका घासावयाचा, त्यांनी ती केली.

कंपनीने या योजनेवर बोलणी करण्याचे नाकारले. आमचा धंदा विमानांचा, आम्ही त्यातच राहणार, असे उत्तर आले. सरकारनेही हात झटकले, आणि राष्ट्रीय पातळीवरच्या युनियनच्या बड्या पुढाऱ्यांनी फारसा आधार दिला नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्या लोकांचे झाकून ठेवण्याची मला सवय नाही. योजनेतले एक प्रमुख, अभियंता माइक कूली, यांना १९८१ साली कंपनीने काढून टाकले. त्याच वर्षी त्यांना राइट लाइव्हलिहूड पुरस्कार मिळाला, ज्याला पर्यायी नोबेल म्हणतात. अपयश म्हणावे तर अपयश. परंतु त्या काही वर्षांत कपातीचे हुकूम थोपवून धरता आले, आणि ज्यांनी ते भरले त्या कामगारांनी आपल्याच खात्यात काय काय दडले आहे हे प्रथम कागदावर पाहिले. मामांचा कारखाना बंद होताना अशी एक प्रश्नावली माझ्या खिशात असती, तर कारखाना वाचला असता असे मी म्हणत नाही. टूलरूममधली वीस माणसे मिळून एखादा वर्कशॉप काढू शकली असती का, एवढा प्रश्न तरी त्या झाडाखाली निघाला असता. तो निघाला नाही, आणि त्याची जबाबदारी माझी आहे.

आपल्याकडे असे झाले नाही असे समजू नये. गिरणगावातल्या हजारो एकट्या कामगारांना बाया जेवण करून घालीत. त्यांना खाणावळवाल्या म्हणत. त्यांच्याकडे पाहताना सावकाराला कर्जबाजारी बाई दिसे आणि समाजाला बिचारी. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा त्यांनी त्याच बाईत एक चालता धंदा पाहिला: रोजचे ठराविक गिऱ्हाईक, नासाडी न होऊ देणारा हिशेब, आणि उधारी वसूल करण्याची हातोटी. राष्ट्रीयीकृत बँकेपुढे ही पत मांडली गेली आणि कर्ज मिळाले.

एवढे गोडवे गायल्यावर या शास्त्राची दुसरी बाजू लपविणे बरे नव्हे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात कामगारांसाठी शनिवारी, बिनपगारी, एक शिबिर झाले. प्रत्येकाकडून गुणांची प्रश्नावली भरून घेतली. संध्याकाळी प्रत्येकाच्या हाती एक रंगीत प्रमाणपत्र: कोणी 'आशावादी', कोणी 'चिवट'. पुढच्याच महिन्यात लाइनवरची दोन माणसे कमी झाली आणि त्यांचे काम उरलेल्यांवर पडले. तक्रार केली तेव्हा व्यवस्थापकांनी एका पोराला ऐकविले, "तुझा तर चिवटपणा पहिल्या नंबरचा आहे ना?" पोरगा ते प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आला होता. बार्बरा एरेनराइक या अमेरिकन लेखिकेने २००९ साली याच वृत्तीवर एक जळजळीत पुस्तक लिहिले. कर्करोग झाला असता तिला सगळीकडून हसतमुख राहण्याचे सल्ले मिळाले होते. तिचे म्हणणे असे, की सगळे मनावर आहे असे एकदा ठरविले, की बेकारीचा दोषही बेकाराच्याच मनावर येतो.

आणि गुण म्हणजे सोन्याचे नाणे नव्हे, की गाडून ठेवले तरी तसेच राहावे. मघाशी मारी याहोदा यांचे नाव घेतले. तरुणपणी, १९३१-३२ च्या सुमारास, त्यांनी पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल यांच्यासह व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावाचा अभ्यास केला. गावाची कापडगिरणी बंद पडली होती आणि जवळजवळ सारे गाव बेकार होते. आता वेळच वेळ आहे, तर लोक अधिक वाचतील असे वाटेल. वाचनालयाने वर्गणीही माफ केली होती. तरी दोन वर्षांत नेली जाणारी पुस्तके जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुष हातात घड्याळ घालीनासे झाले, रस्त्याने चालताना वाटेत थांबू लागले. बाया मात्र भराभर चालत, कारण घरचे काम काही बंद पडले नव्हते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा मी शाळकरी होतो. आमच्या नात्यातले एक काका त्यांत होते. उत्तम पखवाज वाजवीत. संप लांबला, गिरणी काही त्यांना पुन्हा मिळाली नाही, आणि पखवाज खुंटीवरून खाली आला नाही. पुढे मारिएनथालचे पुस्तक वाचताना मला त्यांची खुंटी दिसत होती. भजनाला दरमहा पगाराची गरज नसते, असे आपल्याला वाटते.

म्हणून गुणांची यादी कोण करतो, ती कोणाच्या कपाटात राहते आणि तिच्यावर काय मागितले जाते, हे मी प्रथम विचारतो. व्हिएतनामची यादी आयांच्या हाती होती, लुकासची कामगारांच्या. शनिवारच्या शिबिराची कंपनीच्या संगणकात गेली.

आता किमान वेतनाकडे. आपल्याकडे किमान वेतन कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा श्रेणींनी ठरते. कोणाला काय येते हा प्रश्न म्हणजे त्या माणसाच्या महिन्याच्या पैशांचा प्रश्न आहे. कंत्राटदाराच्या रजिस्टरात सरसकट 'हेल्पर, अकुशल' असे लिहिलेले असते, आणि तोच हेल्पर मशिनचे सेटिंग करीत असतो. गेली काही वर्षे आमच्या युनियनच्या सभासदपत्रिकेला मागचे पान आहे. पुढल्या पानावर जुनेच रकाने: थकबाकी, आजार, कर्ज. ते सोडून चालत नाही. दमा दमाच असतो. मागच्या पानावर तीनच प्रश्न. कोणती यंत्रे चालविता? कोणते काम तुमच्यावाचून अडते? तुमच्याकडून कोण काय शिकले? पहिल्या प्रश्नाला सगळे उत्तर देतात. दुसऱ्याला बहुतेकजण "काही नाही" म्हणतात; मग आम्ही तोच प्रश्न त्यांच्या शेजारच्या कामगाराला विचारतो, आणि पान भरते. तिसऱ्या प्रश्नाचा उपयोग असा, की शिकलेला माणूस साक्षीला उभा राहतो.

या पानांच्या आधाराने एका कारखान्यात आम्ही काही कंत्राटी कामगारांची श्रेणी बदलून मागितली. काहींची बदलली, काहींची नाकारली गेली. नाकारलेल्यांत पॅकिंग खात्यातल्या एक बाई आहेत. पिशव्या सील करणाऱ्या यंत्राचा आवाज किंचित बदलला, की त्या दुसऱ्या टोकाकडून हात वर करून लाइन थांबवितात. सुपरवायझरही त्यांचा हात पाहतो, काट्याकडे नंतर. तीन मुलींनी लिहून दिले आहे, की आवाज ओळखावयास आम्ही यांच्याकडून शिकलो. कंत्राटदाराच्या वकिलांचे म्हणणे असे, की कान हे कौशल्याच्या व्याख्येत बसत नाहीत. पुढची तारीख जूनमध्ये आहे.